पाव गिरकीचा कडता

अमरावतीच्या विभागीय निवडीत मुख्य पंचाने माझ्या मुलीला फसवलं. मैत्री तिचं नाव, वय पंधरा, चाकांच्या बुटांवर कलात्मक स्केटिंग करते. हे पहिल्याच ओळीत लिहून टाकते. पुढे मी चार दिवसांच्या प्रवासाचं लिहिणार आहे आणि वाचणाऱ्याला असं वाटायला नको, की भाकरी-ठेच्याच्या वर्णनात बाई मूळ गोष्ट विसरली.

माझ्याबद्दल थोडं. अकोल्याच्या बाजार समितीच्या आवारात मी चहाची किटली घेऊन फिरत असे. आज तिथेच माझं बारदान्याचं दुकान आहे. जुनी पोती घ्यायची, झटकायची, शिवायची, विकायची. त्या धंद्यात हळू बोलणाऱ्या बाईला कोणी चांगलं पोतं देत नाही. तेव्हा माझा आवाज चढला, तो पुन्हा उतरला नाही.

निवडीत जागा एकच होती. मैत्रीने आणि अमरावतीच्या एका मुलीने सारखीच उडी मारली, हवेत दोन गिरक्यांची. मैत्रीची उडी पाव गिरकीने कमी भरली असं पंचाने ठरवलं आणि गुण कापले. अमरावतीची मुलगी थोडक्यात वर गेली. मी लेखी तक्रार केली, की माझ्या मुलीची उडी पूर्ण होती. समितीने सांगितलं, जाणकाराचं लेखी मत आणा, सोमवारी सुनावणी घेऊ. पटलं तर दोघींना पुन्हा उडी मारायला लावू. मैत्रीचं या वयोगटातलं हे शेवटचं वर्ष. पुढच्या वर्षी तिला मोठ्या मुलींत उतरावं लागणार.

आता वऱ्हाडात असा जाणकार कुठून आणायचा? तो माझ्या भाचीने, प्रज्ञाने आणला. प्रज्ञा दर्यापूरची. पुण्यात जपानी शिकली, चार वर्षं जपानात नोकरी केली. तिथली तिची मैत्रीण चिसातो मोरिवाकी काही दिवसांसाठी तिच्याकडे येणार होती. ही बाई पंधरा वर्षं बर्फावरच्या स्केटिंगच्या स्पर्धांत होती, आता मुलांना शिकवते. मी प्रज्ञाला म्हटलं, "तिले नागपूर दाखवू नको. सीधी बडनेऱ्याले उतरव."

बडनेरा, शुक्रवार

पुण्या-मुंबईचे लोक बडनेरा खिडकीतून पाहतात. गाडी थांबते, संत्री घेतात, गाडी सुटते. उतरत कोणी नाही. चिसातो उतरली. छत्तीस वर्षांची, माझ्या खांद्याला लागेल एवढी, पाठीवर एकच पिशवी. डाव्या पायावर जरा जपून उभी राहत होती. प्रज्ञाने शिकवलं होतं त्याप्रमाणे हात जोडून "जय भीम" म्हणाली आणि वर कमरेत वाकली. मग जागा करून देणाऱ्या हमालापुढेही वाकली. तो बिचारा गोंधळून तिच्यापुढे वाकला. ती पुन्हा वाकली. मी मध्ये पडले नसते तर दोघं तिथेच राहिले असते.

मी पाच मिनिटांत विषय काढला. "प्रज्ञा, तिले इचार, लिहून कवा देते?"

"मावशी, तिले चहा तं पिऊ दे."

अमरावती

गिला वडा तिला आवडला. दह्यात बुडवलेला वडा हातात धरू की चमच्याने, याचा तिने बराच विचार केला आणि शेवटी आमच्याकडे बघून हाताने खाल्ला. मग आम्ही निवड झाली त्या स्केटिंगच्या मैदानावर गेलो.

मी हजारदा पाहिलेली फरशी; अकोल्यात असं मैदान नाही, म्हणून मैत्री सरावाला इथेच येते. चिसातो गुडघ्यावर बसली आणि तळहात फरशीवरून असा फिरवला जसा आपण कापड घेताना फिरवतो. म्हणाली, ही एका कोपऱ्याकडे उतरते. पावसाचं पाणी निघून जावं म्हणून उतार ठेवलाय, हे मैत्रीने सांगितलं. पाच वर्षं ती त्या उतारावर उड्या मारते आहे आणि मला तो ठाऊक नव्हता.

निवडीच्या दिवशीचा व्हिडिओ लावून मी मोबाइल पुढे केला. तिने हात आडवा केला. चित्र नंतर, आधी मुलीला उडी मारताना बघायचंय. मैत्रीने बूट बांधायला घेतले तोच चौकीदार आला.

"ताई, मैदान बंद हाये. सभासदाशिवाय चाकं लावता येत नाई."

"पोट्टी पाच वर्सं इथंच येऊन राहिली. मांगच्या हप्त्यात बी येत होती."

"तवा होती. तुमी अर्ज देल्यापासून साहेबानं नाव खोडलं. मले काय करा लागते, मी सांगून राहिलो."

मी त्याला जे बोलले ते इथे छापता येणार नाही. चिसातोने प्रज्ञाला विचारलं, तुझी मावशी काय म्हणते आहे. प्रज्ञा म्हणाली, मावशी विनंती करते आहे.

मैदान उघडलं नाही.

दर्यापूरच्या वाटेवर, शनिवार

माझी गाडी दुरुस्तीला होती, म्हणून आम्ही काळी-पिवळी जीप धरली. शकीलभाई या रस्त्यावर जुने. तिघांच्या बाकावर आम्ही चौघी आधीच होतो. मैत्री अर्धी माझ्या मांडीवर. तरी ते मागे वळून बघतच होते.

"आपा, जरा सरकून घ्या ना. एक सवारी अजून बसली की गाडी निकलते."

"शकीलभाई, इथं चौथीलेच जागा नाई. पाचवी तुमच्या बोनटवर बसवा."

"अरे चौथी तर हिसाबातच नाई आपा. चौथी म्हंजे अशी बसते की नसल्यावानीच."

आम्ही हसलो. प्रज्ञाने ते चिसातोला सांगितलं. ती हसली नाही, मान हलवली आणि म्हणाली, हे बरोबर बोलतात, ती जागा मला माहीत आहे. मग दर्यापूर येईपर्यंत तिने जे सांगितलं ते प्रज्ञाने मला सांगितलं. ते इथे देते.

चिसातोचं गाव उत्तरेकडचं, समुद्रकाठचं. आई मासे सोलायच्या कारखान्यात. पाच वर्षांची असताना ती पहिल्यांदा बर्फावर उभी राहिली. लोकांसाठी मैदान उघडायच्या आधी पहाटे दोन तास सराव, मग शाळा, मग पुन्हा सराव. चौदाव्या वर्षी लहान गटात देशात पहिली आली. गावाने मिरवणूक काढली. ती पहिली आणि शेवटची पहिली. मोठ्या गटात गेल्यावर तिचा नंबर चौथा आला. पुढच्या वर्षी चौथा. जपानमधून जगाच्या स्पर्धेला तिघी जातात. चौथीने बॅग भरून ठेवायची असते. वरच्या तिघींपैकी कोणाचा पाय मुरगळला तर फोन येतो. तोवर सराव तोच, खाणं मोजून तेच, आणि विमान सुटल्याचं टीव्हीवर बघायचं. एकदा फोन आला. गेली, अकरावी आली. मग गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. दोन वर्षं गेली. परत उभी राहिली. चोविसाव्या वर्षी शेवटच्या राष्ट्रीय स्पर्धेत तिसऱ्या जागेवर होती. शेवटच्या मिनिटाला एक उडी पाव गिरकीने कमी भरली. चौथी.

मी माझ्या मुलीकडे पाहिलं. ती बाहेर बघत होती. हरभऱ्याची शेतं लागली होती, पूर्णेच्या काठची काळी, सपाट, डोंगर नसलेली जमीन.

"त्या पंचाले कोनी जाब नाई इचारला?" मी म्हटलं.

"इचारला म्हनते. मंग सांगते म्हनते," प्रज्ञा म्हणाली.

दर्यापूर

माझी मोठी बहीण विमल, प्रज्ञाची आई, हिचं घर सिमेंटचं आहे, पण पुढचं अंगण तिने मातीचंच ठेवलंय. पाहुणी येणार म्हणून सकाळी सारवलं होतं. वरून सुकलेलं, आत जरा ओल.

दारात पोचताच प्रज्ञाने ओळख करून दिली, ही चिसातो-सान.

विमल म्हणाली, "एवडी मोठी बाई, अन् सान काहून म्हनता वं?"

प्रज्ञाने समजावलं, की जपानीत सान म्हणजे आपलं ताई, बाई, राव, जे लावायचं ते. विमलला ते पटलं नाही. जेवण वाढताना ती सारखी "सान, अजून घे, सानच राहशीन तं कसं" म्हणत होती.

जेवणात ज्वारीच्या कण्या होत्या, ताकातल्या, वर हिरवी मिरची. मला लाज वाटली. पाहुणीपुढे कण्या ठेवतात का? विमल म्हणाली, प्रवासानं पोट बिघडते, हेच बरं. चिसातोने एक घास घेतला आणि थांबली. प्रज्ञाला काहीतरी म्हणाली. आजारी पडलं की त्यांच्याकडे तांदळाची अशीच पातळ पेज देतात, स्पर्धेच्या आदल्या दिवशी तिची आईही तेच द्यायची. तिने दोन वाट्या खाल्ल्या. पाणी मात्र तिला पिववेना. हा खारपाणपट्टा आहे, विहिरीचं पाणी मचूळ. आम्ही त्याच पाण्यावर वाढलो, आम्हाला बाहेरचं पाणी फिकं लागतं.

जेवण झाल्यावर ती अंगणात गेली. पायातलं काढलं, मोजे काढले. मैत्रीला बोलावलं. बर्फावर चढण्याआधी जपानी मुली जमिनीवर अनवाणी उड्या मारून बघतात, शरीराची सवय तीच राहते. आधी स्वतः मारली, एकाच गिरकीची. गुडघा धरून उभी राहिली आणि बोटाने जमिनीकडे दाखवलं. सारवणावर तिच्या पावलाचा ठसा उमटला होता, सरळ, जसा ओल्या सिमेंटवर उमटतो.

मग मैत्रीने मारली. दोन गिरक्या. खाली आली, हात पसरले. मी टाळी वाजवणार होते. चिसातो वाकली आणि आम्हाला जवळ बोलावलं.

ठसा सरळ नव्हता. चवडा जिथे टेकला तिथे फिरून टाच घसटत गेली होती. सारवणावर नखाएवढ्या जाडीची चंद्रकोर पडली होती. हवेत पुरी व्हायला हवी होती ती गिरकी तिने जमिनीवर आल्यावर पुरी केली होती. पाव गिरकी.

"पुन्हा मार," मी म्हटलं. तिने मारली. चंद्रकोर. पुन्हा. चंद्रकोर. विमल ओसरीतून म्हणाली, "अवं, माहं अंगन नांगरून राहिल्या का तुमी?" कोणी हसलं नाही.

मग मोबाइलवर निवडीच्या दिवसाचं चित्र पाहिलं. हळू करून, सात वेळा. तेच.

मी तिथेच सौदा करायला बसले. हे कबूल करते. प्रज्ञाला म्हटलं, "तिले म्हन, 'जवळजवळ पूर्ण' असं लिव. जवळजवळ खोटं नाई." चिसातोने नाही म्हटलं. "बरं, 'पूर्ण वाटते' असं लिव." नाही. "'पाव' शब्द गाळ, फक्त 'थोडी' लिव." ती शांतपणे नाही म्हणत होती. आयुष्यात मी खूप घासाघीस केली, पण समोरचा चिडतो, उठतो, परत येतो. ही उठलीच नाही, चिडलीही नाही. अशा माणसाशी भाव होत नाही.

शेवटी मैत्री बोलली. "आई, मले माईत होतं."

"काय माईत होतं?"

"उडी कमी भरली ते. पाय टेकला तवाच कळते. मी तुले सांगनार होती, पन तू तोवर अर्ज लिहून टाकला."

"मंग बोलली काहून नाई?"

"तू आयकतेस का?" ती म्हणाली. "अन् आता खोटं लिहून आनलं तं मी पुन्हा उडी मारनार नाई. सांगून ठेवते."

मी तिच्यावर ओरडले. विमल माझ्यावर ओरडली. तेवढ्यात चिसातोने प्रज्ञाला हळूच विचारलं, दुसऱ्या मुलीचं चित्र आहे का?

होतं. माझ्या दुकानातल्या बाईने सगळी स्पर्धा टिपली होती. पण मी दर वेळी माझ्या मुलीची अडीच मिनिटं बघून बंद करत असे. पोत्यांचे ढीगच्या ढीग तपासणारी बाई मी, आणि शेजारचा ढीग उघडूनसुद्धा पाहिला नव्हता.

चिसातोने ते लावलं. चार वेळा पाहिलं. मोबाइल माझ्या हातात देऊन बोटाने थांबवलं. अमरावतीच्या मुलीचा पाय टेकला होता आणि शरीर अजून पुरतं वळलं नव्हतं. तिचीही पाव गिरकी कमी होती. पावाहून जरा जास्तच.

"दोघींची कमी," प्रज्ञाने भाषांतर केलं. "एकीची कापली. हे मी लिहून देते म्हनते. दोन्ही लिहीन, नाई तं एकही नाई."

अकोला, रविवार

दोन्ही लिहिलं तर माझा मूळ अर्ज खोटा ठरत होता. एकही नाही तर हात रिकामे. सकाळी मी चिसातोला आवारात घेऊन गेले. सौदे बंद होते, पण शनिवारचा उरलेला माल मोजून गाड्यांत भरणं चाललं होतं. तिला तोलकाटा बघायचा होता. एक पोतं चढलं, आकडा आला, मापाऱ्याने कागदावर त्याहून थोडा कमी आकडा लिहिला. तिने विचारलं, कमी का लिहिलं?

मी सांगितलं. पोत्याचं स्वतःचं वजन, ओल, काडीकचरा, यापोटी मालाच्या वजनातून काही वजा करतात, त्याला कडता म्हणतात. माझा धंदाच पोत्यांचा, त्यामुळे कडता मला तोंडपाठ आहे.

तिने विचारलं, यावर लोक भांडतात का?

"कडत्यावर नाई भांडत," मी म्हटलं. "पोत्याले वजन असतेच. पन एकाचा कापला अन् दुसऱ्याचा नाई कापला, तं मंग काट्यावर हात पडते. हे पाहा..." आणि मी बोलायची थांबले.

प्रज्ञा माझ्याकडे बघत होती. चिसातोने वही काढली, कडता हा शब्द तिच्या लिपीत लिहून घेतला आणि मग जीपमध्ये अर्धवट राहिलेलं सांगितलं. त्या शेवटच्या स्पर्धेनंतर तिलाही वाटलं होतं, की पंचाने मारलं. निकाल बदला म्हणून तक्रार त्यांच्याकडे करता येत नाही, पण का कापलं हे विचारता येतं. तिने विचारलं. पंचाने तिला बोलावलं, समोर बसवलं, तिची उडी लावून दाखवली. मग चिसातोने न मागताच पंचाने पहिल्या नंबरच्या मुलीचीही उडी लावली. तिचीही एक कमी भरली होती आणि तिचीही कापली होती. चिसातो म्हणाली, त्या रात्री मला झोप लागली. हरले होते, पण कोणीतरी उत्तर दिलं होतं.

मी दुकानात जाऊन जुन्या अर्जाची प्रत फाडली. नवा लिहिला. माझ्या मुलीची उडी पाव गिरकीने कमी होती, आम्हाला मान्य आहे. दुसऱ्या मुलीचीही होती. तिची का कापली नाही, एवढंच सांगावं. खाली चिसातोने तिच्या भाषेत लिहिलं, प्रज्ञाने मराठी केलं, दोघींनी सह्या केल्या. मैत्रीने अर्ज वाचला आणि बूट पुसायला घेतले. सोमवारी उडी मारायला मिळेल, असं तिला वाटत होतं. मलाही वाटत होतं.

पुन्हा अमरावती, सोमवार

सुनावणीच्या खोलीत चिसातोला येऊ दिलं नाही. बर्फ वेगळा, चाकं वेगळी, शिवाय परदेशी व्यक्तीचं मत ग्राह्य नाही. जाणकार आणा म्हणताना हे कोणी सांगितलं नव्हतं. ती आणि मैत्री बाहेर बाकावर बसल्या. समोरच्या बाकावर अमरावतीची मुलगी आईबरोबर बसली होती. दोन्ही मुली एकमेकींकडे बघून जरा हसल्या. मुलींचं आपसात काही वाकडं नाही, हे मी इथे नोंदवते.

समितीत तेच मुख्य पंच बसले होते, त्यांनीच अर्ज वाचला. चष्मा काढला.

"मॅडम, तुम्हीच लिहून दिलंय, उडी अपुरी होती."

"हो. पुढचं वाचा."

"पुढचं कशाला? तुमची तक्रार होती उडी पूर्ण होती. आता म्हणता नव्हती. तक्रार निकाली निघाली."

"साहेब, दुसरीचं चित्र पाहा. दोन मिनिटं लागतील."

"दुसरीबद्दल तक्रार करायची मुदत संपली."

"मी तिची तक्रार नाई करून राहिली. तुमाले इचारून राहिली, तुमी पाहिली का नाई?"

ते म्हणाले, आवाज खाली करा. मी आवाज खाली केला. खरंच केला. तोच प्रश्न पुन्हा हळू विचारला. ते शिपायाला म्हणाले, पुढचा विषय घ्या.

बाहेर आले तेव्हा मैत्रीच्या पायात बूट होते, नाड्या आवळून बांधलेल्या. माझं तोंड बघून तिने त्या सोडायला घेतल्या. गाठ घट्ट होती. चिसातो खाली बसली आणि तिने ती सोडवली. संध्याकाळच्या गाडीने ती बडनेऱ्याहून गेली. बुधवारी विभागाचा संघ राज्य स्पर्धेला गेला, मैत्रीशिवाय.

लोक मला म्हणतात, ताई, खरं लिहून काय मिळालं? पहिलाच अर्ज ठेवला असता तर पोरीला एक उडी तरी मिळाली असती. मिळालीही असती, कोण जाणे. त्याचं उत्तर माझ्याकडे मागू नका.

मुख्य पंच साहेब, उत्तर तुमच्याकडे आहे. गुणांच्या कागदावर सही तुमची आहे. माझ्या मुलीची पाव गिरकी तुमच्या डोळ्यांना दिसली, म्हणजे डोळे चांगले आहेत. त्यानंतर सहा मिनिटांनी, त्याच फरशीवर, त्याच खुर्चीवरून दुसरी उडी तुम्ही पाहिली की नाही? नसेल पाहिली तर गुण कशाचे दिले? पाहिली असेल तर कापले का नाहीत? दोन्हींपैकी एक लिहून द्या, सहीसकट, आणि ते माझ्या हातात देऊ नका. पाच वर्षं ज्या मैदानावर ती आली, तिथे तिला बोलवा, समोर बसवा, आणि मैत्रीला सांगा.